केमो आणि तिची भावंडे

‘पहिली केमो बरी गेली.’ ‘दुसरा केमो पुढल्या सोमवारी.’ ‘तिला ते केमो सोसलंच नाही.’ कर्करोगाच्या वॉर्डाबाहेरच्या बाकांवर ही तिन्ही वाक्ये एकाच दुपारी कानांवर पडतात, आणि बोलणाऱ्यांपैकी कोणालाही शेजारच्याचे व्याकरण खटकत नाही. परका शब्द मराठीत मुरला की नाही याची एक साधी कसोटी आहे: त्याचे लिंग ठरले का ते पाहावे. टेबल ते झाले, बस ती झाली, फोन तो झाला. आता त्यात कोणी बदल करू धजत नाही. केमोचे भांडण मात्र अजून मिटलेले दिसत नाही. छापील मराठीने तिच्यासाठी रसायनोपचार, रसायनचिकित्सा, रासायनी चिकित्सा असे घडवलेले शब्द दिले. पण ‘आईचे रसायनोपचार चालू आहेत’ असे घरात म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. घरात केमोच. मग या पाहुणीचे कुळ-मूळ काय, हे पाहायला हवे.

पाहुणी म्हटले खरे, पण तिची थोरली बहीण आपल्या घरात केव्हाचीच नांदते आहे. तिचे नाव किमया. केमोथेरपीतला ‘केमो’ म्हणजे केमिस्ट्री. केमिस्ट्री हे अल्केमीचे ‘अल्’ गळून उरलेले रूप. आणि अल्केमी म्हणजे अरबीतले ‘अल्-कीमिया’, हिणकस धातूचे सोने करण्याची विद्या. युरोपात हा शब्द अरबीतून लॅटिनमार्गे गेला, आपल्याकडे फारसीमार्गे उतरला. तिकडे तो प्रयोगशाळेत शिरून शिस्तीचा झाला, इकडे त्याची जादू झाली. मराठीत किमया करायला भट्टी लागत नाही. ती गवयाच्या गळ्यात असते, सुगरणीच्या हातात असते. माधव आचवलांनी तर वास्तुकलेवरच्या आपल्या पुस्तकाला हेच नाव दिले. एकाच आईच्या दोन लेकी, एक सासरी रुक्ष झाली, एक माहेरी लाडावली. किमया ‘ती’ आहे, थेरपीही ‘ती’ आहे. तेव्हा दोन्हींकडून पाहता केमोलाही ‘ती’ म्हणावे हे मला न्याय्य वाटते, आणि यापुढे मी तसेच म्हणणार आहे.

पण कीमियाच्याही मागे काय? इथे पंडितांचे दोन तट आहेत. एक पक्ष इजिप्तकडे बोट दाखवतो. नाईलच्या गाळाने काळ्या झालेल्या भुईवरून त्या देशाला ‘खेमिया’ म्हणत, असे प्लुटार्कने नोंदवले आहे. त्या काळ्या देशाची विद्या ती कीमिया. दुसरा पक्ष ग्रीकमधल्या ‘खेओ’ या धातूकडे जातो. अर्थ: ओतणे. वितळलेला धातू साच्यात ओतण्याची कला ती ‘खुमेइया’. मला हा दुसरा पक्ष मोहात पाडतो, कारण या ‘खेओ’चा संस्कृत भाऊ आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. तो म्हणजे ‘हु’, जुहोति: अग्नीत ओतणे. होम, हवन, हविष्य, आहुती, होता ही सारी त्याची प्रजा. म्हणजे हा पक्ष खरा असेल तर केमो आणि होम चुलत भावंडे ठरावीत, आणि दोन्हींच्या मुळाशी थेंबाथेंबाने ओतण्याचीच क्रिया असावी.

गंमत इथे संपत नाही. सोने करणाऱ्यांना जी चिमूटभर वस्तू हवी असे तिला अरबीत ‘अल्-इक्सीर’ म्हणत. इंग्रजीत तिचे एलिक्सर झाले, आपल्याकडे ‘अक्सीर इलाज’ झाला. हा इक्सीर ग्रीक ‘क्सेरिओन’वरून आलेला दिसतो, क्सेरोस म्हणजे कोरडे, आणि क्सेरिओन म्हणजे जखमेवर भुरभुरण्याची कोरडी पूड. एका विद्येचे नाव ओले, तिच्या सिद्धीचे नाव कोरडे! केमोच्या खोलीत हे दोन्ही शब्द आजही हाताला हात लावून काम करतात. सायक्लोफॉस्फामाइडची बाटली पाहावी: तळाशी पांढरी कोरडी पूड. सिस्टर हातमोजे घालून त्यात द्रव सोडते, बाटली हलवते, पूड विरली की ते सलाईनच्या पिशवीत भरते, आणि मग नळीतून थेंब सुरू होतो. आधी क्सेरिओन, मग खेओ.

आता रसायनोपचारातल्या ‘रसायन’कडे वळू. केमिस्ट्रीला रसायनशास्त्र हे नाव अर्वाचीन पंडितांनी दिले. रसायन हा मूळचा आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकाचा मानकरी. देह पुन्हा तरुण करणारे ते रसायन. सुरकुत्या जाव्यात, पिकले केस काळे व्हावेत, स्मृती तल्लख व्हावी अशी त्याची फलश्रुती. च्यवनप्राश हे त्यातले सर्वांत नावाजलेले. आणि कारवार-मंगळूरकडच्या कोंकणी घरांत नारळाच्या दुधात केळी किंवा आंबा घालून करतात त्या गोड पदार्थालाही रसायनच म्हणतात. अशा शब्दाच्या वाट्याला केस घालवणारी, तोंड सोलून काढणारी, अन्नावरची वासना उडवणारी चिकित्सा यावी, हा दैवदुर्विलास खरा. पण चरकाच्या रसायनांच्या यादीत एक नाव असे आहे की ते वाचून थबकायला होते. भल्लातक. म्हणजे आपला बिब्बा. ज्याचे तेल अंगाला लागले तर कातडीवर फोड उठतात, जो ‘उततो’, आणि ज्याच्या या दुर्गुणामुळे चांगल्या कामात मोडता घालणाऱ्याला आपण ‘बिब्बा घातला’ म्हणतो, तो बिब्बा रसायनांत! तेव्हा रसायन म्हणजे सारे गोडगोडच, हा समज प्राचीनांचाही नसावा.

थेरपी हा शब्द अधिक मृदू. ग्रीक ‘थेरापोन’ म्हणजे जवळचा सेवक, साथी. होमरच्या काव्यात पात्रोक्लोस हा अखिलीसचा थेरापोन आहे. थेरापेइया म्हणजे त्याने केलेली सेवा, मग देवाची सेवा, मग रोग्याची. काही अभ्यासक आणखी मागे जाऊन हा शब्द अनातोलियातल्या हित्तींच्या भाषेकडे नेतात. तिथे त्याच्याशी जुळणाऱ्या शब्दाचा अर्थ ‘एखाद्याच्या जागी बळी जाणारा बदली’ असा आहे. पात्रोक्लोस अखिलीसचे चिलखत घालून लढायला गेला आणि त्याच्या जागी मेला, हे लक्षात घेतले की हा तर्क अगदीच हवेतला वाटत नाही. आपल्या ‘उपचार’ शब्दाचा प्रवासही असाच. उप + चर्, जवळ वावरणे. देवाजवळ वावरून केलेली सेवा ती षोडशोपचार पूजा, रोग्याजवळ वावरून केलेली ते उपचार, आणि त्यातले मन निघून जाऊन नुसते वावरणे उरले की ती औपचारिकता. शेजारची ‘शुश्रूषा’ घ्या. श्रु म्हणजे ऐकणे; शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. आज्ञा ऐकायला उत्सुक असणे, त्यावरून सेवा. ‘चिकित्सा’ ही जाणण्याची इच्छा. मराठीत चिकित्सक माणूस म्हणजे खोड्या काढणारा, पण मूळ घडण पाहता तो फक्त नीट समजून घेऊ पाहणारा आहे. आणि अरबी ‘इलाज’ मराठीत आला तो आपल्या नकारासह असा मुरला की ‘नाइलाज झाला’ म्हणताना औषधाचा विचारही मनात येत नाही.

केमोथेरपी हा जोडशब्द विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रांकफुर्टच्या पाउल एर्लिख यांनी चलनात आणला, आणि तो कर्करोगासाठी नव्हता. त्यांना जंतू मारणारी रसायने हवी होती. १९१० साली त्यांचे साल्वरसान हे उपदंशावरचे औषध बाजारात आले, ती केमोथेरपी. पुढे जंतूंवरच्या औषधांना वेगळी नावे मिळाली आणि केमो आक्रसत आक्रसत कर्करोगापुरती उरली. ‘मृग’ म्हणजे कोणताही पशू, तो पुढे हरणापुरता उरला, तसाच हा अर्थसंकोच. एर्लिख यांचे स्वप्न होते ‘त्साउबरकुगेल’चे: रोगालाच नेमकी लागेल आणि रोग्याला धक्का लावणार नाही अशी जादूची गोळी. जर्मनांना कुगेल म्हणजे बंदुकीची गोळी अभिप्रेत होती. मराठीत मात्र या शब्दाला काही सांगावेच लागत नाही. आपली गोळी बंदुकीतही असते आणि डबीतही.

अस्त्र आणि औषध यांची ही सोयरीक फार जुनी दिसते. नेम न चुकणारे औषध आपल्याकडे ‘रामबाण’. टॉक्सिक या शब्दात तर बाणच दडला आहे. ग्रीक ‘तोक्सोन’ म्हणजे धनुष्य; ‘तोक्सिकोन’ म्हणजे बाणाला लावायचे ते, अर्थात विष. हा तोक्सोन ग्रीकांनी धनुर्धारी शकांकडून उचलला असावा असे म्हणतात, कारण फारसीत ‘तख्श’ हा धनुष्यबाणाच्या कुळातला शब्द आहे. आणि लॅटिनमध्ये ‘ताक्सुस’ हे एका झाडाचे नाव, ज्याच्या लाकडाची धनुष्ये होत आणि ज्याचा पाला जनावराला मारतो. थोरल्या प्लिनीने नोंदवून ठेवले आहे की विषांना ‘तोक्सिका’ म्हणतात ते या झाडावरूनच, पूर्वी ‘ताक्सिका’ म्हणत. प्लिनीची व्युत्पत्ती आजचे भाषापंडित जशीच्या तशी घेत नाहीत, पण दैव तिच्या बाजूने उभे राहिले. याच ताक्सुस कुळातल्या, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल निघाले. वॉल आणि वाणी या जोडीने १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. यातले मनसुख वाणी हे भारतात जन्मलेले. स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगात आज हे औषध रोज वापरले जाते. म्हणजे टॉक्सिक आणि टॅक्सॉल हे दोन शब्द दोन हजार वर्षांनी पुन्हा एका पंगतीला बसले.

संस्कृतात विष माखलेल्या बाणाला अमरकोश ‘दिग्ध’ म्हणतो. दिह् म्हणजे माखणे, लिंपणे. याच धातूवरून ‘देह’, जणू लिंपून उभारलेला. याच धातूवरून ‘संदिग्ध’ आणि ‘संदेह’: ज्यावर इतके माखले आहे की खालचे काही दिसत नाही. विषारी बाण, तो ज्यात रुततो ते शरीर आणि रिपोर्ट हाती येईपर्यंतची मनाची अवस्था, तिघेही एका धातूचे!

या संदर्भात ‘जालीम’ या शब्दाला नमस्कार करून पुढे जायला हवे. अरबी ‘ज़ालिम’ म्हणजे जुलूम करणारा, अत्याचारी. मराठीत ‘जालीम उपाय’ ही शिफारस आहे. रोगावर जुलूम करतो म्हणून तो चांगला, असा हिशोब असावा. केमोच्या जुन्या औषधांना दुसरे कोणतेही विशेषण इतके शोभत नाही, कारण ती दोन्ही अर्थांनी जालीम आहेत.

जुलमाचा हा इतिहास शब्दशः युद्धातून आला. १९१७ च्या जुलैत जर्मनांनी बेल्जियममधल्या ईपरजवळ मस्टर्ड गॅस वापरला. त्यात मोहरीचा कणही नाही; वास मोहरी-लसणासारखा येई म्हणून ते नाव. मस्टर्ड हा मुळात ‘मुस्टुम आर्देन्स’, म्हणजे जळजळीत द्राक्षरस. मोहरी द्राक्षाच्या ताज्या रसात वाटत असत. फेसलेली मोहरी नाकात गेलेल्या मराठी माणसाला ‘आर्देन्स’चा अर्थ विचारावा लागू नये. या वायूने मेलेल्या सैनिकांच्या हाडांतला मगज सुकलेला आणि पांढऱ्या पेशी नाहीशा झालेल्या आढळल्या. तेव्हा पांढऱ्या पेशी जिथे बेसुमार वाढतात त्या रोगात हेच वापरले तर? येल विद्यापीठात १९४२ साली लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी या वायूचा नायट्रोजनयुक्त भाऊबंद लिम्फोसार्कोमाच्या रुग्णाला शिरेतून देववला. गाठी विरघळल्या, काही काळाने परत आल्या. युद्धाच्या गुप्ततेमुळे हे सारे १९४६ मध्ये छापले गेले. वैद्यकाच्या आपल्या विद्यार्थ्यांना औषधशास्त्राच्या जाडजूड ग्रंथावरची नावे म्हणून जे गुडमन-गिलमन माहीत असतात, ते हेच.

एर्लिख यांच्या साल्वरसानकडे मात्र परत यावे लागेल, कारण त्या नावात एक खजिना आहे. साल्वारे म्हणजे वाचवणे. त्याच्या मुळातला ‘साल्वुस’, अखंड, धडधाकट, हा आपल्या ‘सर्व’चा सख्खा. उरलेला ‘अरसान’ म्हणजे आर्सेनिक. ग्रीकांनी ‘आर्सेनिकोन’ असे रूप केले ते ‘आर्सेन’ म्हणजे नर या त्यांच्या ओळखीच्या शब्दाशी जुळावे म्हणून. मूळ शब्द इराणी ‘ज़र्नीक’, सोनेरी वस्तू. फारसी ‘ज़र’ म्हणजे सोने. तीच आपल्या पैठणीच्या पदरातली जर. इराणी ‘ज़’ला संस्कृतात ‘ह’ समोर येतो, म्हणून ज़रचे नातलग आपल्याकडे हिरण्य, हरि, हरित असे भेटतात. हरिद्रा म्हणजे हळदही त्यांच्यातलीच. आणि हरिताल, म्हणजे हरताळ, हेच ते पिवळेधमक आर्सेनिकचे खनिज. पोथीत अक्षर चुकले की त्यावर हरताळाचा लेप देत. त्यावरून एखादी गोष्ट पार पुसून टाकणे म्हणजे तिच्यावर ‘हरताळ फासणे’. दुकाने बंद ठेवण्याचा हरताळ निराळा. तो गुजरातीतून आला, त्यात ‘हाट’ आणि ‘ताळे’ असावेत. ज़रचाच भाऊ ‘ज़र्द’, पिवळा. त्यावरून जर्दाळू, म्हणजे पिवळे आलू. आणि त्यावरून जर्दा.

या घराण्याची करणी पाहा. जर्द्याने आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे पीक काढले. आणि आर्सेनिकने काय केले? पांढरे आर्सेनिक, मराठीतला सोमल, हे खून करण्याचे जगप्रसिद्ध साधन. अरबीत त्याला ‘सम्म-उल्-फार’ म्हणत, उंदराचे विष. आपला सोमल या ‘सम्म’मधून आला असावा असे वाटते. १९७० च्या दशकात चीनमधल्या हार्बिन शहरात हाच सोमल रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारावर, तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियावर, शिरेतून देऊन पाहिला गेला आणि तो लागू पडला. २००० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एके काळी दिवसांत माणूस नेणारा हा रोग आज बहुतांश रुग्णांत पूर्ण बरा होतो.

आता ज्या शब्दासाठी हा सारा खटाटोप केला तो. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. गिरणगावातल्या गरोदर कामकरी बायांना होणाऱ्या विलक्षण पंडुरोगाचा शोध घेणे हे त्यांचे काम. महागडी औषधे निकामी ठरली आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने, मार्माइटने, या बाया उठून बसल्या. त्या अर्कातले द्रव्य पुढे १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले आणि लॅटिन ‘फोलियुम’, पान, यावरून त्याचे नाव फोलिक आम्ल ठरले. रक्त वाढवते ते फोलिक, तर त्याची नक्कल करून पेशीला फसवले तर रक्ताचा कर्करोग उपाशी मरेल, हे सिडनी फार्बर यांनी बॉस्टनमध्ये १९४७-४८ साली लहान मुलांवर दाखवले. त्यासाठीचे अमिनॉप्टेरिन घडवणाऱ्या लेडर्ली कंपनीच्या संशोधनाची धुरा आंध्रातल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. त्याचाच धाकटा भाऊ मेथोट्रेक्सेट आजही सर्रास दिला जातो.

यातले ‘प्टेरिन’ काय आहे? ग्रीक ‘प्टेरोन’, पंख. रसायनांची ही जात प्रथम फुलपाखरांच्या पंखांतल्या रंगांत सापडली म्हणून हे नाव. फोलिक आम्लाचे शास्त्रीय नावही ‘प्टेरॉइल’नेच सुरू होते. म्हणजे एकाच द्रव्याला एकाने पानाचे नाव दिले, दुसऱ्याने पंखाचे. आता संस्कृतकडे या. उडणे या अर्थाच्या ‘पत्’ धातूवरून ‘पत्र’. अर्थ आधी पंख, मग पान. ग्रीक प्टेरोनही याच मुळाचा. युरोपीय शास्त्रज्ञांना ज्यासाठी दोन भाषांतले दोन शब्द लागले, ते दोन्ही अर्थ आपल्या पत्रात, पत्रावळीत, तुळशीपत्रात आधीपासून नांदत होते. फोलिक आम्लाला मराठी नाव द्यायची कोणाला हौस आलीच तर ‘पत्राम्ल’ म्हणावे, एका दगडात दोन पक्षी.

टॅक्सॉल देणाऱ्या ताक्सुससारखे एक झाड आपल्या रानातही आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, महाबळेश्वरपासून कोल्हापूर-सिंधुदुर्गापर्यंत, नरक्या नावाचे एक लहानसे झाड उगवते. त्याला घाण येते, म्हणून नरक्या, म्हणून कुठे घाणेरा. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही त्याला पूर्वी ‘फीटिडा’, दुर्गंधी, असेच नाव ठेवले होते. त्यात कॅम्प्टोथेसिन असते, ज्यापासून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे घडवतात. हे द्रव्य पहिल्यांदा १९६६ साली एका चिनी झाडात सापडले, त्याच वॉल-वाणी जोडीला. नरक्यातही ते आहे हे १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवले, आणि मग चोरटी तोड अशी सुरू झाली की झाड दुर्मीळ होऊ लागले. या नरक्याचे मराठीतच दुसरे नाव आहे: अमृता. नरकातून अमृतात ही बढती औषधामुळे मिळाली की आधीपासूनची, याचा छडा घाटमाथ्यावरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडूनच लागेल.

सदाफुलीचे नाव तसे निरुपद्रवी. तिचे जुने शास्त्रीय नाव विंका. लॅटिन ‘विंकिरे’ म्हणजे बांधणे, कारण तिच्या युरोपीय बहिणीच्या वेलींनी हार-मुकुट बांधत. कॅनडात नोबल आणि बिअर यांनी १९५८ साली मधुमेहाचे औषध शोधता शोधता हिच्यातून विनब्लास्टिन काढले. पाठोपाठ विनक्रिस्टिन आले. ही औषधे पेशीतल्या धाग्यांना बिलगतात आणि त्यांची जुळणीच होऊ देत नाहीत, त्यामुळे पेशीचे विभाजन अडते. नाव ठेवणाऱ्याला हे स्वप्नातही माहीत नसणार. अंगणातली पाने चघळणाऱ्यांनी मात्र ध्यानात ठेवावे की शेकडो किलो वाळल्या पानांतून हे द्रव्य ग्रॅमभर निघते, आणि रुग्णाला लागते ते त्याहून कितीतरी कमी.

किती कमी, यासाठी शब्द आहे ‘मात्रा’. मा म्हणजे मोजणे. ग्रीक ‘मेत्रोन’ आणि म्हणून आपला रोजचा मीटरही त्याच मुळाचा. केमोच्या कागदावर हे दोन भाऊ शेजारी येतात, कारण ही औषधे उंची आणि वजन यांवरून काढलेल्या कातडीच्या क्षेत्रफळावर मोजतात. विनक्रिस्टिन चौरस मीटरमागे १.४ मिलिग्रॅम, आणि माणूस कितीही थोराड असो, एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर नाही. बहुतेक केमोंत दर वेळी मात्रा दिली की पांढऱ्या पेशी खाली जातात. त्या तळाला डॉक्टर ‘नादिर’ म्हणतात. हा शब्द अरबी ज्योतिषातला: डोक्यावरच्या बिंदूचा ‘नज़ीर’, म्हणजे समोरचा, जोडीचा. ज्याला जोड नाही तो बेनज़ीर, तो याच शब्दाचा. तळ गाठून पेशी वर यायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून बऱ्याच केमोंची सायकल एकवीस दिवसांची. सायकल म्हणजे ग्रीक ‘कुक्लोस’, म्हणजेच आपले चक्र.

मात्रेवर सगळे अवलंबून, हे पाराचेल्सूसने सोळाव्या शतकात सांगितले आणि चरकाने त्याच्या कितीतरी आधी. पण विनक्रिस्टिन आणखी एक गोष्ट शिकवते. तेवढीच मात्रा शिरेतून दिली तर ते औषध. तीच मणक्यातल्या पाण्यात गेली तर मृत्यू. मेथोट्रेक्सेट मात्र मणक्यात मुद्दाम देतात. एकाच दिवशी एकाच मुलाला दोन्ही द्यायची असतात, आणि जगात अशा अदलाबदलीने जीव गेले आहेत. म्हणून विनक्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नये, लहान पिशवीतूनच द्यावे, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. तेव्हा प्रश्न फक्त किती हा नाही, कोणत्या वाटेने हाही आहे. आणि वाट या अर्थाचा शब्द ‘अयन’. रस आणि अयन. घडवलेला, कृत्रिम म्हणून ज्याला आपण नाके मुरडली त्या रसायनोपचारात हे आधीच सांगून ठेवले आहे.

माझा निवाडा असा. बोलताना केमो म्हणावे, स्त्रीलिंगी, आणि कोशात तिला किमयेच्या शेजारी जागा द्यावी. रसायनोपचारही टाकू नये, तो कागदावर हवा. रुग्णालयांच्या मराठी संमतिपत्रांत नुसते ‘रसायनोपचारास माझी संमती आहे’ असे छापलेले असेल तर सही करणाऱ्या बापाला आपण कशाला हो म्हणतो आहोत ते कळत नाही. तिथे ‘रसायनोपचार, म्हणजे केमो’ असे छापावे. खाली औषधाचे नाव, मात्रा आणि ते कोणत्या वाटेने द्यायचे हे मराठीत लिहावे, आणि सही घेण्याआधी ते एकदा वाचून दाखवावे.